काट्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरला जुळणारा मदरबोर्ड

आदिलाबाद, जैनथ, बेला या पट्ट्यात दहा-बारा वर्षांपूर्वीचे कॉम्प्युटर अजून राबताना दिसतात, ते बहुधा वजनकाट्याच्या खोलीत. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, आत पिवळा पडलेला कॅबिनेट, शेजारी करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. तो कॉम्प्युटर बंद पडला की पहिला सल्ला मिळतो, 'नवीनच घ्या.' घरच्या कॉम्प्युटरला हा सल्ला बरेचदा बरोबर असतो. काट्यावर मात्र नवे यंत्र आणले की खरी अडचण सुरू होते. सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस धंदा सोडून गेलेला असतो, सीडी सापडत नाही, कुलूप म्हणून लावलेला डोंगल प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टमध्ये असतो, आणि काट्याच्या इंडिकेटरची वायर ज्या नऊ पिनी पोर्टमध्ये जाते तो पोर्ट नव्या यंत्राला बहुधा नसतो. अशा वेळी जुळणारा जुना बोर्ड शोधणे हाच शहाणपणाचा मार्ग. फक्त तो शोधताना प्रोसेसरच्याही आधी काट्याचे काम पाहायचे. दुकानदार उलट्या बाजूने सुरू करतो, म्हणून ही कृती.

आधी डिस्क बाजूला काढा

बोर्डाला हात लावण्यापूर्वी हार्ड डिस्क काढा, यूएसबी अडॉप्टरने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा आणि तिची पूर्ण नक्कल एखाद्या दुसऱ्या डिस्कवर घ्या. नुसती डेटाची फोल्डरे उचलून भागत नाही. क्लोनझिला हे फुकटचे साधन अख्खी डिस्क जशीच्या तशी उतरवते. बोर्ड बाजारात पुन्हा मिळेल. पण त्या डिस्कवर बसलेले सॉफ्टवेअर पुन्हा बसवणारे कोणी नाही.

बोर्ड खरेच गेला आहे का?

'डिस्प्ले येत नाही' म्हणजे बोर्ड गेला, असे ठरवायची घाई नको. कॅबिनेट उघडून धूळ उडवा. जिनिंगच्या आवारात ती नुसती धूळ नसते, रुईचे तंतू असतात आणि प्रोसेसरच्या पंख्याखाली त्यांची गादी झालेली असते. यंत्र दोन-चार मिनिटे चालून बंद पडत असेल तर दोष इथेच असू शकतो.

मग रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबराने पुसा आणि एकच पट्टी आळीपाळीने दोन्ही खाचांत लावून पाहा. बोर्डाला छोटा स्पीकर जोडलेला असेल तर रॅम पूर्ण काढून चालू करा. लागोपाठ बीप ऐकू आली तर बोर्ड आणि प्रोसेसर दोघांतही जीव आहे. नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी मीटरवर ३ व्होल्टच्या आसपास दिसली पाहिजे. ती पार उतरली असेल तर तारीख-वेळ चुकते, आणि काही बोर्ड त्यामुळे सुरूच होत नाहीत.

आता एसएमपीएस. तो बोर्डापासून पूर्ण सोडवा. २४ पिनी कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरीला तारेच्या तुकड्याने जोडली की पंखा फिरायला हवा. पिवळ्या वायरीवर ११.४ ते १२.६, लाल वायरीवर ४.७५ ते ५.२५ आणि नारंगीवर सुमारे ३.१४ ते ३.४७ व्होल्ट मिळाले पाहिजेत. आकडा या मर्यादेबाहेर असेल तर आधी एसएमपीएस बदला. आकडे ठीक असूनही शंका राहिली तर दुसरा चांगला एसएमपीएस लावून पाहा, कारण भार पडल्यावर खचणारा एसएमपीएस मीटरवर साळसूद दिसतो. त्याचा डबा मात्र उघडायचा नाही. बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धक्का देण्याइतका दाब शिल्लक असतो.

एवढे करूनही यंत्र हलले नाही तर बोर्डाकडे नीट पाहा. डोके फुगलेले कपॅसिटर, काळवंडलेला डाग, पोर्टच्या मागे जळल्याचा वास. चारच कपॅसिटर फुगले असतील तर गावातला चांगला टीव्ही-दुरुस्तीवालाही ते बदलू शकतो, आणि शोध तिथेच संपतो. जळाल्याची खूण नऊ पिनी पोर्टजवळ असेल तर ती लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचे आहे.

चिठ्ठी करा

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर लिहायचे ते कामाच्या बाजूने:

काट्याची वायर कुठल्या पोर्टमध्ये जाते? प्रिंटर यूएसबीवर आहे की २५ पिनी समांतर पोर्टवर? डोंगल आहे का, आणि तो कशात बसतो? आत एखादे जादा कार्ड आहे का, आणि ते पांढऱ्या लांब पीसीआय खाचेत आहे की छोट्या पीसीआय-एक्स्प्रेसमध्ये? मॉनिटरला निळा व्हीजीएच लागतो का? डिस्कवर विंडोज कुठले, एक्सपी, ७ की १०?

यातल्या प्रत्येक गोष्टीला पर्याय सारख्या सोयीने मिळत नाही. काट्याची वायर यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरवरही बहुधा चालते, कारण इंडिकेटर वजनाचा आकडा साध्या अक्षरांत पाठवत राहतो आणि त्याला तीनच वायरी लागतात. कन्व्हर्टर एफटीडीआय चिपचा घ्या. प्रोलिफिक चिपची नक्कल केलेले स्वस्त कन्व्हर्टर बाजारात भरपूर आहेत आणि नव्या विंडोजमध्ये त्यांचा ड्रायव्हर चालायला नकार देतो. समांतर पोर्टच्या डोंगलला मात्र हा मार्ग बंद आहे. यूएसबीवरून समांतर पोर्ट देणारी वायर फक्त प्रिंटर ओळखते, डोंगल नाही. म्हणजे तुमच्याकडे असा डोंगल असेल तर बोर्डावर खरा समांतर पोर्ट, निदान त्याची पिनांची रांग, किंवा कार्डासाठी खाच हवीच. ही एक अट अर्धा बाजार गाळून टाकते.

विंडोजची अटही तशीच. इंटेलच्या घरात एक्सपीसाठी ग्राफिक्सचे ड्रायव्हर मिळणारी शेवटची पिढी तिसरी. चौथ्या पिढीच्या बोर्डावर एक्सपी कसेबसे बसेल, पण पडद्याचा ड्रायव्हर मिळणार नाही. विंडोज ७ची हद्द सहाव्या पिढीपर्यंत, आणि तिथेही ते नव्याने बसवताना यूएसबीचा कीबोर्ड चालत नाही, कारण यूएसबी ३चा ड्रायव्हर त्यात मुळातच नाही. म्हणून 'जरा वरच्या पिढीचा घ्या, फास्ट चालेल' या सल्ल्याला काट्याच्या खोलीत अर्थ नाही.

जुन्या बोर्डाचे नाव वाचा

मॉडेलचे नाव बोर्डावरच छापलेले असते, बहुधा कार्डांच्या खाचांच्या मधल्या जागेत किंवा रॅमजवळ. त्याखाली 'रेव्ह १.१' असे काही असेल तर तेही उतरवून घ्या. एकाच नावाच्या दोन आवृत्त्यांना वेगवेगळे बायोस लागते. यंत्र अधूनमधून चालू होत असेल तर सीपीयू-झेड या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये मेनबोर्डचे नाव, चिपसेट आणि बायोसची तारीख एकाच ठिकाणी दिसते. बायोसमध्ये जाऊन डिस्कचा मोड आयडीई आहे की एएचसीआय, हेही त्याच वेळी पाहून ठेवा.

मग पंखा काढून प्रोसेसरवरची अक्षरे वाचा. जुनी पेस्ट स्पिरिटच्या कापसाने पुसली की नाव उघडे होते. आय३-२१२० मधला पहिला आकडा २ म्हणजे दुसरी पिढी, आय३-३२२० म्हणजे तिसरी, आय३-४१३० म्हणजे चौथी. पेन्टियमच्या नावावरून पिढी एवढ्या सहज कळत नाही. तिथे 'एसआर' किंवा 'एसएल'ने सुरू होणारा पाच अक्षरांचा कोड शोधा. तो इंटेलच्या माहितीशी ताडला की प्रोसेसर नेमका कळतो.

सॉकेट जुळले म्हणजे सगळे जुळले असे नाही

दुकानदाराशी बोलणी बहुतेक वेळा इथेच फसतात, म्हणून इथे जरा थांबू.

सगळ्यात जुने यंत्र म्हणजे एलजीए ७७५, पेन्टियम ४ पासून कोअर २ क्वाडपर्यंत. सॉकेट एकच, पण ९४५ चिपसेटचा बोर्ड नंतरचे ४५ नॅनोमीटरचे प्रोसेसर बहुधा घेत नाही. जी३१ आणि जी४१ घेतात. जी३१ बहुधा डीडीआर२ रॅमचा असतो, जी४१ मात्र काही डीडीआर२चे, काही डीडीआर३चे. नुसते 'जी४१ द्या' म्हणाल तर घरची रॅम बसणार नाही असा बोर्ड हातात पडू शकतो. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० पिना असतात, पण मधली खाच वेगळ्या जागी आहे. जोर लावला तर खाच तुटते, रॅम बसत नाही.

आपल्याकडे सर्वाधिक सापडते ते एलजीए ११५५, म्हणजे दुसरी आणि तिसरी पिढी. त्याचे बोर्ड एच६१, एच६७, बी७५, एच७७. एच६१ सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मुबलक. रॅमच्या दोनच खाचा, १६ जीबीची मर्यादा. काट्याला २ जीबीही पुष्कळ. यात अडकण्यासारखी गोष्ट एकच. २०११चा एच६१ बोर्ड आणि तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर अशी जोडी असेल आणि बायोस जुने असेल तर पडदा काळाच राहतो. बोर्ड चांगला, प्रोसेसर चांगला, तरी यंत्र मेलेले. उपाय म्हणजे दुसऱ्या पिढीचा प्रोसेसर तात्पुरता लावून बायोस नवे करायचे. हे काम दुकानातच करून घ्या. आदिलाबादेत घरी आणल्यावर दुसऱ्या पिढीचा सुटा प्रोसेसर कोणाकडे मागणार? पीसीआय कार्डाची अट असेल तर बी७५ आधी पाहा. त्या चिपसेटला पीसीआयची सोय मुळातच आहे, एच६१ला ती वेगळ्या चिपने द्यावी लागते.

एलजीए ११५० म्हणजे चौथी पिढी, एच८१ आणि बी८५. इथे फारसा घोळ नाही. घोळ आहे तो ११५१ मध्ये. सहावी-सातवी पिढी आणि आठवी-नववी पिढी यांचे सॉकेट नावाने एकच, पिना तेवढ्याच, पण एच११०चा बोर्ड आठव्या पिढीचा प्रोसेसर चालवत नाही आणि एच३१०चा बोर्ड सहाव्या पिढीचा चालवत नाही. सॉकेटचा आकडा बघून 'बसतो' असे कोणी म्हणाले तर ते खरेच असते. बसतो, चालत नाही.

एएमडीचे यंत्र असेल तर एएम३+ चा बोर्ड एएम३ चा प्रोसेसर साधारणपणे घेतो, उलटे गृहीत धरू नका. एफएम२ आणि एफएम२+ मध्येही नवा बोर्ड जुना प्रोसेसर घेतो, जुना बोर्ड नवा नाही.

पंख्याचेही बघा. ७७५च्या भोकांतले अंतर ७२ मिलिमीटर, ११५५, ११५० आणि ११५१चे ७५. एकाचा पंखा दुसऱ्याला लागत नाही.

ब्रँडेड यंत्राचा बोर्ड वेगळ्या जातीचा

वरचे सगळे गावातल्या दुकानात जुळवलेल्या यंत्रासाठी. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी कॉम्पॅक, लेनोव्हो थिंकसेंटर असेल तर पहिल्यांदा एसएमपीएसच्या कनेक्टरच्या पिना मोजा. ऑप्टिप्लेक्स ३०२० आणि ९०२० मध्ये २४ ऐवजी ८ पिनी मुख्य कनेक्टर आहे. एचपीच्या काही यंत्रांत तो ६ पिनी आहे, लेनोव्होच्या काहींत १४ पिनी. पॉवर बटणाची वायरही त्यांची स्वतःची. अशा कॅबिनेटमध्ये बाजारातला एच६१ लावायचा तर एसएमपीएस, बटण आणि कधी कधी कॅबिनेटसुद्धा बदलावा लागतो. त्यापेक्षा त्याच मॉडेलचे दुसरे अख्खे जुने यंत्र घ्यावे आणि डिस्क तिकडे लावावी. कंपन्या आणि बँका आपली यंत्रे घाऊक विकतात तेव्हा ही ऑप्टिप्लेक्स ढिगाने बाजारात येतात. अख्खे यंत्र सुट्या बोर्डापेक्षा फार महाग पडत नाही, शिवाय एसएमपीएस आणि रॅम फुकटात सुटे भाग म्हणून मिळतात.

कुठे शोधायचा

आधी आदिलाबादेतच. दुरुस्तीवाल्यांच्या माळ्यावर गिऱ्हाइकांनी सोडून दिलेली यंत्रे पडून असतात. तिथे नुसता 'बोर्ड' मागू नका, तुमच्या जुन्या बोर्डाचे नावच दाखवा. एक्सपी असेल तर तेच मॉडेल मिळणे फार सोयीचे, कारण एक्सपीला बोर्ड बदललेला सोसत नाही.

इथे नाही मिळाले तर दोन दिशा आहेत. राष्ट्रीय महामार्ग ४४ वर उत्तरेला नागपूर, सुमारे दोनशे किलोमीटर. दक्षिणेला हैदराबाद, सुमारे तीनशे. जुन्या बोर्डासाठी मी हैदराबादच्या बाजूचा कौल देईन. सिकंदराबादच्या पार्कलेनवरचे चेनॉय ट्रेड सेंटर, ज्याला सगळे सीटीसी म्हणतात, तिथे जुन्या-नव्या मालाची दुकाने एकाला एक लागून आहेत, आणि आदिलाबादहून निघणारी कृष्णा एक्स्प्रेस हैदराबादच्या बाजूनेच तिरुपतीला जाते. यंत्राची आतली सामग्री पिशवीत घालून जाण्यासाठी गाडी बरी.

ऑनलाइनही एच६१चे कोरे बोर्ड मिळतात. खोके नवे असते. इंटेलने हा चिपसेट बनवणे केव्हाच थांबवले आहे, तेव्हा आतली चिप जुन्या साठ्यातली किंवा जुन्या बोर्डावरून उतरवलेली असणार. म्हणून ते टाकाऊ ठरत नाहीत. घरच्या कॉम्प्युटरला चालतील. पण त्यांतल्या बऱ्याच बोर्डांवर सिरियल आणि समांतर पोर्टच्या पिना नसतात. फोटो मोठा करून 'कॉम' आणि 'एलपीटी' असे छापलेले दिसते का ते पाहा. दिसत नसेल तर ते आपल्या उपयोगाचे नाहीत.

काउंटरवर

प्रोसेसर, रॅम, पंखा आणि एसएमपीएस बरोबर न्या. नुसते नाव सांगून बोर्ड आणू नका.

हातात घेतल्यावर पहिले सॉकेट पाहा. इंटेलच्या या बोर्डांत पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात, आणि एक वाकडी पिन रॅमची एक खाच बंद पाडू शकते. मोबाइलचा कॅमेरा झूम करून तिरप्या उजेडात फोटो काढा. पिनांच्या रांगा सरळ चमकल्या पाहिजेत. सॉकेटवर प्लास्टिकचे झाकण नसेल तर दुप्पट लक्ष द्या. मग बोर्ड उलटा करून मागे चिकट, पिवळसर फ्लक्सचे डाग शोधा. ती दुरुस्तीची खूण. दुरुस्त केलेला बोर्ड घेऊच नये असे नाही, भाव मात्र त्याप्रमाणे व्हावा.

आता तुमच्या सामग्रीसह चालू करून घ्या. रॅमच्या दोन्ही खाचा, सगळे यूएसबी, सगळे साटा पोर्ट, नेटवर्कचा दिवा. दुकानदार 'सब चलता' म्हणतो, त्याला दोष नाही, त्याच्या लेखी पडदा उजळला म्हणजे बोर्ड चालू. सिरियल पोर्ट कोणीच तपासत नाही, तो तुम्ही तपासा. नऊ पिनांपैकी २ आणि ३ क्रमांकाच्या पिना वायरीच्या तुकड्याने जोडा आणि पुट्टी किंवा हायपरटर्मिनलमध्ये काहीही टाइप करा. टाइप केलेली अक्षरे पडद्यावर परत आली तर पोर्ट जिवंत. बोर्डावर पोर्ट नसून फक्त पिना असतील तर त्याची पट्टी आणि वायर तिथेच मागून घ्या. या वायरींची जोडणी दोन पद्धतींची असते आणि चुकीची लावली तर चांगला पोर्टही मुका राहतो, म्हणून तपासणी तीच वायर लावून करा.

निघताना मागची पत्र्याची पट्टी मागा. जुन्या मालात ती हमखास गायब असते आणि तिच्याशिवाय मागच्या फटीतून रुई थेट पोर्टवर येते. तपासणीची मुदत बिलावर लिहून घ्या.

बसवणे

कॅबिनेटमधले पितळी खांब नव्या बोर्डाच्या भोकांशी ताडून पाहा. मायक्रो एटीएक्स बोर्ड जास्तीत जास्त २४४ मिलिमीटर चौरस असतो, पण बरेच एच६१ त्याहून अरुंद असतात. भोक नाही तिथला खांब काढलाच पाहिजे, नाहीतर तो मागच्या टाक्यांना टेकून शॉर्ट करतो. प्रोसेसरवर पेस्ट मटारच्या दाण्याएवढी. २४ पिनी कनेक्टरबरोबर सॉकेटजवळचा ४ पिनी कनेक्टर विसरू नका. तो राहिला की पंखा फिरतो पण पडदा येत नाही.

मूळ डिस्क बाजूलाच ठेवा आणि नक्कल केलेली लावा. बायोसमध्ये जुना मोड, आयडीई किंवा एएचसीआय, तसाच ठेवा. तो चुकला तर विंडोज ७ निळ्या पडद्यावर शेवटी '७बी' असणारा कोड दाखवून थांबते. मोड बदलला की बहुधा पुढे जाते. विंडोज अ‍ॅक्टिव्हेशन पुन्हा मागेल. यंत्राबरोबर आलेला परवाना बोर्डाशी बांधलेला असतो. विंडोज १० असेल आणि ते मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी आधी जोडलेले असेल तर काम सोपे होते. विंडोज १०चा मोफत आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११ आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक इंटेल प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही. म्हणून अ‍ॅक्टिव्हेशन झाल्यावर या यंत्राला इंटरनेट जोडू नये. काट्याला त्याची गरजही नाही.

काट्याची वायर सगळ्यात शेवटी

आता त्या जळक्या खुणेकडे. काटा उघड्या मैदानात, लोखंडाचा, आणि त्याच्यापासून निघालेली वायर इंडिकेटरमार्गे थेट कॉम्प्युटरच्या पोटात. मृगाच्या सुरुवातीला वीज जवळपास कुठे पडली तरी दाबाचा झटका याच वाटेने येऊ शकतो. जुना बोर्ड पोर्टजवळ जळाला असेल तर नव्याचीही तीच गत होईल. इंडिकेटर आणि कॉम्प्युटर यांच्यामध्ये सिरियल पोर्टचा ऑप्टो-आयसोलेटर बसवा. त्यात आकडे प्रकाशातून पलीकडे जातात, वायर जोडलेली राहत नाही. अर्थिंग मीटरने पाहा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ५ व्होल्टपेक्षा जास्त दिसत असतील तर इलेक्ट्रिशियन आधी, कॉम्प्युटर नंतर. इंडिकेटर मात्र उघडायचा नाही. त्यावर वैधमापन खात्याचे सील असते.

वायर जोडल्यावर एक भरलेली गाडी काट्यावर घ्या. इंडिकेटरवरचा आकडा, पडद्यावरचा आकडा आणि पावतीवर छापलेला आकडा, तिन्ही ताडून पाहा. गाडी उतरल्यावर तिन्हीकडे शून्य आले पाहिजे. पडद्यावर काहीच आले नाही किंवा चित्रविचित्र अक्षरे आली तर बोर्डाला दोष देऊ नका. सॉफ्टवेअरमधला पोर्टचा क्रमांक आणि बॉड रेट पाहा. जुन्या बोर्डावर जो कॉम १ होता तो नव्यावर कॉम ३ झालेला असू शकतो, आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो पुन्हा १ करता येतो.